आट्यांतला गंज

खासगी मोटारीच्या नोंदणीला पंधरा वर्षे झाली की ती नव्याने करून घ्यावी लागते, आणि मिळते ती पुढच्या पाच वर्षांची. वाशीच्या आरटीओत तपासणीला न्यायची म्हणून एमएच-४३ पासिंगची जुनी मारुती ८०० घोडीवर चढवली, की काम पहिल्याच बोल्टपाशी अडते. ब्रेक असो, सायलेन्सर असो की शॉक ॲब्सॉर्बर, आधी बोल्ट सुटला पाहिजे आणि तो जाम असतो. अशा वेळी बहुतेक जण पान्यावर चढवायला लांब पाइप शोधतात. माझे म्हणणे असे, की बोल्ट कशाने धरला आहे ते आधी शोधावे. जाम होण्याची कारणे वेगवेगळी असतात, बाहेरून मात्र सगळे जाम बोल्ट सारखेच दिसतात. एका कारणावरचा इलाज दुसऱ्याला लावला की बोल्ट तुटतो.

निरोगी बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो. चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताण देऊन दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. सगळा कारभार असा घर्षणावर चालतो, म्हणून आट्यांत थोडा बदल झाला तरी पान्याला तो लगेच जाणवतो.

हा बदल वाशीत कसा होतो? पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे, तिथल्या खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर येतात. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लोक गंजाचा सगळा दोष या पावसाला देतात, तो मला अर्धाच पटतो. पाऊस बॉनेटवरचे आणि छतावरचे मीठ धुऊनही नेतो. गाडीच्या पोटाखाली मात्र धुणारे पाणी पोचत नाही, खारट चिखल पोचतो. समुद्री मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते. पहिले हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर ओलावा ओढून विरघळते, दुसरे ३३ टक्क्यांवरच. त्यामुळे फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारीही नटाच्या आत ओल टिकून राहते.

नट आणि बोल्टच्या आट्यांमधली फट इतकी बारीक की तिथे केसही धड मावत नाही. केशाकर्षणाने पाणी त्या फटीत शिरते, पण वाऱ्याने वाळत नाही. क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडते आणि गंज धरू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्याच्या प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. जागा तर नाहीच. मग तो फटीत ठासून बसतो आणि आट्यांच्या दोन्ही बाजूंना पाचर मारल्यासारखा दाब देतो. गंजलेला बोल्ट म्हणजे हजारो बारीक पाचरींनी ठोकून बसवलेला बोल्ट. इथे तेल आणि ठोके कामाला येतात.

पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात गेला असेल तर प्रकार निराळा. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. दोन धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. तिच्यात झिजते ॲल्युमिनियम आणि पांढरी भुकटी आट्यांत साचते. पोलादाचे काही बिघडलेले दिसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर जोर लावतो आणि हेडचे आटे बोल्टला चिकटून बाहेर येतात. तिसरा प्रकार आट्यांना मुद्दाम लावलेल्या चिकट द्रवाचा. त्यातला कडक जातीचा द्रव अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, त्याच्यावर तेल ओतून काहीच होत नाही. चौथा प्रकार इम्पॅक्ट गनने अतोनात आवळलेल्या व्हीलनटचा. तिथे गंज नसतो, लांब दांड्याचा पाना बेधडक वापरता येतो. आट्यांची दिशाही पाहून घ्यावी. जुन्या काही ट्रकच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, आणि ते विसरले तर आपण सोडवतो आहोत असे समजून आवळतच बसतो.

आता इलाज. पाना लावण्याआधी वायरब्रशने दिसणारे आटे घासावेत, कारण तोंडाशी साचलेल्या गंजामुळे आतला सुटलेला नटही पुढे सरकत नाही. मग भेदक तेल. स्प्रे मारून दोन मिनिटांत पाना लावणारे तेल वाया घालवतात. मी संध्याकाळी टाकतो, सकाळी पुन्हा टाकतो आणि दुसऱ्या संध्याकाळी हात लावतो. डब्ल्यूडी-४० हे १९५३ सालचे उत्पादन, नावातच पाणी हटवण्याचे काम सांगितलेले आहे. ते काम ते उत्तम करते, पण मुरलेल्या गंजात शिरण्यासाठी खास बनवलेली तेले त्याहून सरस ठरतात.

तेलानंतर हातोडा. डोक्यावर बोल्टच्या लांबीच्या दिशेने आठ-दहा खणखणीत ठोके द्यावेत. गंज ठिसूळ असतो, धक्क्याने त्याला तडे जातात आणि त्या तड्यांत तेल उतरते. पाना सहा कोनी बॉक्सचाच घ्यावा. बारा कोनी रिंग कोपऱ्यांवर ताण घेते आणि गंजून बारीक झालेले डोके गोल करते. मापाचीही गफलत होते. एम-८ बोल्टचे डोके जपानी पद्धतीत १२ मिलिमीटर आणि जर्मन पद्धतीत १३. मारुतीला सवय १२ ची. बाजारातून आणलेला बदली बोल्ट १३ चा निघतो, आणि पुढच्या वेळी अंधारात चुकीचा बॉक्स बसतो. पहिला जोर आवळण्याच्या दिशेने द्यावा, अगदी थोडा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की चिकटलेला थर फुटला. मग सोडवायचे, पाव फेरा पुढे, थोडे मागे, पुन्हा तेल.

पाइपचा हिशेब एकदा मांडून पाहा. तीस सेंटिमीटर लांब पान्यावर वीस किलोचा भार दिला की सुमारे ६० न्यूटन-मीटर पीळ पडतो. ८.८ वर्गाचा एम-८ बोल्ट ३३ न्यूटन-मीटरच्या पुढे तुटू शकतो. म्हणजे त्याला पाइप सोडाच, लांब पानाही जड होतो. एम-१२ च्या बोल्टला हाच पीळ सहज झेपतो. बारीक बोल्टवरचा पाइप म्हणजे तुटण्याची हमी.

उरला विस्तव. दहा मिलिमीटर व्यासाचा पोलादी नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचे भोक ०.०३६ मिलिमीटरने रुंदावते. आकडा क्षुल्लक वाटेल, पण त्या बारीक फटीत तेवढे पुरते. नट तापवायचा, बोल्ट नाही. दोन्ही सारखे तापले तर फायदा नाहीसा होतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून तिथे आजूबाजूचा भाग बेताने तापवला तरी बोल्ट मोकळा होतो. गेल्या मार्चमध्ये सायलेन्सरच्या फ्लँजचा नट तीन दिवस तेल पिऊनही हलेना. तेल पुसून काढले, बत्तीने नट मंद लाल होईपर्यंत तापवला, थोडा निवू दिला आणि आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवली. मेण पातळ होऊन क्षणात आत ओढले गेले, पांढरा धूर निघाला आणि पान्याला नट लोण्यासारखा वळला. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी आणि रबरी बुश जवळ असतील तर विस्तव काढूच नये. क्लोरीनयुक्त ब्रेक-क्लीनर मारलेल्या जागी तर मुळीच नाही, कारण तापल्यावर त्यातून विषारी फॉस्जीन वायू निघतो.

हे सगळे ठाऊक असूनही मी मागच्या ब्रेकचा, हवा काढण्याचा निपल तोडला आहे. निपल पोकळ असतो, म्हणून त्याला भरीव बोल्टपेक्षा कमी पीळ सोसतो. हाताला जे ‘सुटल्यासारखे’ लागले ते धातू पिळवटल्याचे लक्षण होते. सुटणारा बोल्ट झटक्याने हलतो आणि मग हलका होत जातो. तुटणारा रबरासारखा लवचिक लागतो. हा फरक बोटांनी शिकून घ्यावा, आणि तो मऊपणा जाणवताच थांबावे.

तुटलाच तर आत राहिलेला तुकडा काढायचे ईझी-आऊट ठोकण्याची घाई करू नये. ते कठीण पण ठिसूळ असते, आत मोडले तर साध्या ड्रिलने निघत नाही. उरलेल्या खुंटावर नट ठेवून वेल्डिंग करणे मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण नवे डोकेही मिळते आणि गंजाला आतून उष्णताही मिळते. तेही जमले नाही तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावे. एम-८ च्या आट्यांसाठी भोक ६.८ मिलिमीटरचे. भोक तिरके गेले तर भाग काढून तुर्भे-पावण्याच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या एखाद्या टर्नरकडे न्यावा, घरी प्रयोग करू नये.

परत बसवताना पोलादी जोडांच्या आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट आणि ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला निकेलची लावावी. पेस्टमुळे घर्षण कमी होते, त्यामुळे तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून आवळण्याचा जोर पाव हिश्शाने उतरवावा. व्हीलनटला आणि ब्रेक लायनरच्या आसपास ही पेस्ट नको.

वाशीत हे काम मे महिन्यात करावे. तुमची गाडी खाली पार्किंगमध्ये उभी असेल तर आज संध्याकाळी चारही निपलांवर आणि सायलेन्सरच्या नटांवर तेल टाकून ठेवा, आणि पाना रविवारी हातात घ्या.