हॉथॉर्नची ती खोली : पुस्तकांनी ज्यांना क्रमांक दिले त्या मुली

वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकलेल्या कोणालाही ‘हॉथॉर्न प्रयोग’ हे शब्द परीक्षेपुरते तरी पाठ असतात. कारखान्यातील दिवे वाढवले, उत्पादन वाढले. दिवे मंद केले, तरीही वाढले. म्हणजे आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे एवढ्या जाणिवेनेच माणूस अधिक काम करतो. पाच गुणांच्या टिपेला इतके पुरते. तो कारखाना कोठे होता, तेथे काय तयार होत असे आणि ज्यांच्यावर हा प्रयोग झाला त्यांना स्वतःला काय आठवत होते, हे टिपेत येत नाही. हा धागा त्याविषयी आहे.

शिकागो शहराच्या पश्चिम सीमेला लागून सिसेरो नावाचे उपनगर आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीने १९०५ च्या सुमारास तेथे ‘हॉथॉर्न वर्क्स’ हा प्रचंड कारखाना सुरू केला. अमेरिकेतील बेल टेलिफोन व्यवस्थेला लागणारी बहुतेक सामग्री येथून जाई : टेलिफोन, केबल, स्विचबोर्ड आणि लक्षावधी रिले. ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हा शब्द तेव्हा सर्वसामान्यांच्या तोंडी रुळलेला नव्हता, पण पुढे त्या नावाने ओळखल्या गेलेल्या उद्योगाची ही एक जन्मभूमीच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस येथे चाळीस हजारांहून अधिक माणसे काम करीत. कारखान्याचे स्वतःचे रुग्णालय होते, अग्निशमन दल होते, आवारात फिरणारी रेल्वे होती, संध्याकाळचे वर्ग होते. कामगारांत चेक आणि पोलिश स्थलांतरितांचा भरणा मोठा. सिसेरो आणि आसपासच्या वस्त्यांत आई, मुलगा, सून असे सारे घरच हॉथॉर्नमध्ये कामाला असणे नवलाचे नव्हते.

त्या वस्त्यांना मात्र हॉथॉर्न म्हटले की कोणताही प्रयोग आठवत नसे. त्यांना आठवे ती २४ जुलै १९१५ ची सकाळ. कामगारांच्या वार्षिक सहलीसाठी ‘ईस्टलँड’ नावाची आगबोट भाड्याने घेतली होती. मिशिगन सरोवर ओलांडून मिशिगन सिटीला जायचे, दिवसभर खेळायचे आणि परतायचे असा बेत. अडीच हजारांच्या आसपास माणसे बोटीवर चढली. बोट मुळातच अस्थिर. त्यात टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर वाढवलेल्या जीवरक्षक होड्यांचे ओझे नेमके वरच्या बाजूला पडलेले. शिकागो नदीत, धक्क्याला बांधलेली असतानाच ती कलली आणि आडवी झाली. पाणी जेमतेम वीस फूट खोल, काठ हाकेच्या अंतरावर. तरीही ८४४ जणांचा मृत्यू झाला. २२ कुटुंबांत मागे कोणीच उरले नाही.

या घटनेनंतर बारा वर्षांनी, १९२७ च्या वसंत ऋतूत, त्याच कारखान्यातील एका बाजूच्या खोलीत पाच तरुणींना कामाला बसवण्यात आले. सुटे भाग आणून देणारी सहावी स्त्री त्यांच्या सोबत होती.

काम रिले जोडण्याचे. रिले म्हणजे विजेच्या प्रवाहावर चालणारे स्विच. तारेच्या गुंडाळीतून प्रवाह गेला की ती चुंबक बनते, लोखंडाची एक पट्टी ओढून घेते आणि दुसऱ्या परिमंडळाची संपर्कपाती मिटते किंवा उघडते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका संभाषणाची वाट दुसऱ्यापासून वेगळी ठेवण्याचे काम असे असंख्य रिले करीत. एका रिलेत सुमारे पस्तीस बारीक भाग. ते साच्यात क्रमाने रचायचे, चार स्क्रूंनी आवळायचे आणि तयार नग समोरच्या फटीत सोडायचा. एका नगाला साधारण एक मिनिट लागे. तो खाली सरकला की विद्युत यंत्रणेने पुढे सरकणाऱ्या कागदी पट्टीवर एक छिद्र पडे. कोणत्या मुलीने कोणत्या क्षणी नग पूर्ण केला याची अशी नोंद वर्षानुवर्षे होत राहिली. समोर मेजापाशी बसलेला निरीक्षक त्यांचे बोलणेही टिपून घेई.

मुलींना विश्रांती देण्यात आली. आधी पाच-पाच मिनिटांच्या दोन सुट्ट्या, मग दहा-दहा मिनिटांच्या, मग पाच मिनिटांच्या सहा. मग सकाळी थोडे खाणे. मग अर्धा तास लवकर सुटका. काही काळ शनिवारही मोकळा. प्रत्येक बदल काही आठवडे चाले. १९२८ च्या शरद ऋतूत या सर्व सवलती काढून घेऊन पूर्वीचा ४८ तासांचा आठवडा पुन्हा लागू केला, तरीही आठवड्याचे एकूण उत्पादन उंचावलेलेच राहिले. आरंभी एक मुलगी आठवड्याला सुमारे २,४०० रिले जोडत असे. पुढे हा आकडा ३,००० च्या घरात गेला. पाठ्यपुस्तकांतील दंतकथेचा गाभा हा आहे, आणि आकड्यांपुरता तो खराही आहे.

(दिव्यांची गोष्ट मात्र वेगळी. ते प्रयोग १९२४ ते १९२७ मध्ये, दुसऱ्या विभागांत, दुसऱ्या कामगारांवर झाले. एका चाचणीत प्रकाश चांदण्याइतका मंद करूनही दोघींनी काम चालू ठेवले, हे खरे. पण स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी जुनी आकडेवारी शोधून तपासली तेव्हा असे दिसले की दिव्यांतील बदल नेहमी रविवारी केले जात. मग सोमवारच्या कामाची तुलना शनिवारशी होई, आणि सोमवारी काम अधिक होणे ही तेथील नेहमीचीच रीत होती. टिपेतल्या त्या पहिल्या वाक्याचा पाया इतका भुसभुशीत आहे.)

आता त्या खोलीतील पगाराविषयी. मूळ विभागात सुमारे शंभर जणींच्या गटाला मिळून उत्पादनावर मोबदला मिळे. एखादीने कितीही हात चालवला तरी तिच्या वाढीव श्रमाचे फळ शंभर वाट्यांत विरून जाई. खोलीत गट झाला पाच जणींचा. येथे प्रत्येक जादा रिले पगारात लगेच दिसू लागला. हा बदल विश्रांतीच्या आधी केला गेला आणि विश्रांती काढून घेतल्यावरही तो तसाच राहिला. संशोधकांना त्याचे वजन ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी दुसऱ्या पाच मुलींना नेहमीच्या विभागातच ठेवून फक्त मोबदल्याची ही लहान गटाची पद्धत लागू करून पाहिली. उत्पादन तत्काळ बारा-तेरा टक्क्यांनी वाढले. शेजारच्या कामगारांत असंतोष पसरला म्हणून नऊ आठवड्यांत ती पद्धत बंद करावी लागली, आणि उत्पादन घसरले. अभ्रकाचे पापुद्रे सोलणाऱ्या आणखी एका गटाला उलट फक्त विश्रांती आणि वेगळी खोली दिली, मोबदल्याची पद्धत जुनीच ठेवली. तेथेही सुमारे पंधरा टक्के वाढ झाली. म्हणजे केवळ पैसा हे उत्तर म्हणूनही पुरे पडत नाही. पण पुढच्या ग्रंथांत पैशाचे स्थान ज्या सहजतेने मागे सरले, तेवढे मागे सारण्याजोगा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.

आणि मग जानेवारी १९२८ मधील ती घटना. पाचपैकी दोघींना खोलीतून काढून मूळ विभागात परत पाठवण्यात आले. आरोप होता फार बोलण्याचा आणि मन लावून काम न करण्याचा. आरंभी सर्वांना सांगितले होते की जसे वाटेल तसे काम करा, शर्यत लावू नका. दोघींपैकी एकीने त्या शब्दाचीच आठवण करून दिली : मनासारखे काम करा म्हणता, आणि केले की ते पुरेसे होत नाही, अशी तिची तक्रार निरीक्षकाच्या नोंदीत उतरलेली आहे. त्यांच्या जागी दोन नव्या मुली आल्या. त्यांपैकी एकीच्या घरची परिस्थिती बिकट होती, पगाराची निकड मोठी होती. ती वेगाने काम करी आणि इतरांनाही हात चालवायला लावी. तिच्या येण्यानंतर खोलीतील आकडे ठळकपणे चढले.

एल्टन मेयो हे नाव या प्रयोगांशी कायमचे जोडले गेले आहे. मूळचे ऑस्ट्रेलियन असलेले मेयो तेव्हा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये होते. ते हॉथॉर्नला प्रथम आले एप्रिल १९२८ मध्ये, म्हणजे त्या दोघी गेल्यानंतर तीन महिन्यांनी. प्रयोग त्यांनी सुरू केला नाही; त्याचा अर्थ मात्र त्यांनी जगाला सांगितला. १९३३ च्या त्यांच्या पुस्तकात त्या दोघी आपणहून बाहेर पडल्यासारखा उल्लेख येतो. एकीच्या रक्तातील हिमोग्लोबिन कमी निघाले होते. तिच्या कुरकुरीचे मूळ मेयो यांना त्या आजारात दिसले. दिलेला शब्द मोडला गेला, हे कारण त्या मांडणीत उरले नाही. १९३९ मध्ये रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांचा जाडजूड अहवालग्रंथ आला. त्यात मुलींची नावे नाहीत; एक ते पाच असे क्रमांक आहेत, आणि घालवलेल्या दोघी झाल्या ‘एक-अ’ व ‘दोन-अ’.

त्या क्रमांकांमागील माणसे नोंदींच्या फटींतून डोकावत राहतात. मुलींची ठरावीक आठवड्यांनी रुग्णालयात तपासणी होई आणि ती त्यांना मुळीच आवडत नसे. किती तास झोपलात, काय खाल्ले, मासिक पाळी केव्हा आली, हेही विचारले जाई. विशी-पंचविशीच्या मुलींना पुरुष निरीक्षकांच्या कागदावर हे सारे उतरलेले पाहून काय वाटले असेल, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. दुसरीकडे, खोलीत मुकादमाचा धाक नव्हता आणि मोठ्या विभागाच्या तुलनेने बोलण्याला मोकळीक होती. एखादी दमली तर बाकीच्या वेग वाढवून तिची तूट भरून काढीत. कामाबाहेरही त्या एकमेकींच्या घरी जात, नाचगाण्याला एकत्र जात.

अर्धशतक उलटल्यावर, १९८० च्या दशकाच्या आरंभी, रोनाल्ड ग्रीनवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोलीतील हयात स्त्रियांना शोधून त्यांच्या आठवणी विचारल्या. एव्हाना ‘हॉथॉर्न परिणाम’ हा शब्द मानसशास्त्राच्या कोशात जाऊन बसला होता, आणि ॲलेक्स केरी यांच्यासारख्या टीकाकारांनी १९६७ मध्ये त्याचे वाभाडेही काढून झाले होते. पंडितांच्या या वादात ज्यांच्या हातून रिले घडले त्यांना प्रश्न क्वचितच विचारला गेला होता. त्यांची उत्तरे साधी होती. पैसे जास्त मिळत. डोक्यावर कोणी ओरडणारे नव्हते. आम्हा मुलींचे छान जमले. त्या मैत्रीतील काही भाग पन्नास वर्षांनंतरही टिकून होता. या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या. कोणते कारण पहिले आणि कोणते दुसरे, हा प्रश्न अभ्यासकांचा होता.

आठवण हे साधन जपूनच वापरावे लागते. तारुण्यातील खोली म्हातारपणी अधिक उजळ दिसते, आणि हयात राहिलेल्यांचीच आठवण नोंदली जाते. परंतु येथे तिची पडताळणी करायला कागदी पट्ट्या होत्या, पगाराच्या नोंदी होत्या, निरीक्षकाच्या रोजनिशा होत्या. पैशाविषयी स्त्रियांनी सांगितले ते त्या कागदांशी जुळते. पुस्तकातील ‘बाहेर पडल्या’ हा शब्द जुळत नाही.

१९२९ च्या मंदीने प्रयोगही गिळला. टेलिफोनची मागणी कोसळली आणि चाळीस हजारांचा कारखाना पाहता पाहता काही हजारांवर आला. नोव्हेंबर १९३१ मध्ये चौदा पुरुषांच्या एका गटाचे निरीक्षण सुरू झाले होते. तेथे तर उलटे दिसले. ठरल्यापेक्षा अधिक काम करणाऱ्याच्या दंडावर सोबती गुद्दा हाणीत आणि दिवसाला दोन संचांची स्वतःच आखलेली मर्यादा सांभाळीत. त्यांच्याकडेही कोणीतरी लक्ष देत होतेच. तेथे मात्र त्याने उत्पादन वाढले नाही. मे १९३२ मध्ये कामच उरले नाही म्हणून ते निरीक्षण थांबले. त्याच लाटेत रिलेच्या खोलीतील मुलींनाही घरी बसावे लागले. ज्यांच्या समाधानावर ग्रंथ लिहिले जात होते, ते ग्रंथ छापून येईपर्यंत त्या बेकार झालेल्या होत्या.

कारखाना पुढे दुसऱ्या महायुद्धात पुन्हा भरभराटला आणि १९८३ मध्ये बंद झाला. बहुतेक इमारती पाडून त्या जागी बाजारसंकुल उभे राहिले. जुना मनोरा तेवढा शिल्लक आहे. सिसेरोतील मॉर्टन कॉलेजात हॉथॉर्नच्या वस्तूंचे लहान संग्रहालय आहे. प्रयोगाचे दप्तर हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात जतन केलेले आहे. १९९१ मध्ये रिचर्ड गिलेस्पी यांनी ते नव्याने वाचून इतिहास लिहिला, तेव्हा ‘एक-अ’ आणि ‘दोन-अ’ यांना त्यांची नावे परत मिळाली.