शेंदूर, गेरू आणि पद्मिनीचा पत्रा

देवळातल्या मारुतीला फासतात तो शेंदूर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत शिशाचा ऑक्साइड. हाच शेंदूर जवसाच्या तेलात कालवून जगभरच्या पुलांना आणि जहाजांना पहिला हात म्हणून देत असत. तेल आणि शिसं मिळून एक प्रकारचा साबण तयार होतो आणि तो लोखंडाला सहजी गंजू देत नाही. पण शिसं विषारी, त्यामुळे हळूहळू हा प्रकार मागे पडला.

आपल्या गॅरेजांमधून दिसतं ते रेड ऑक्साइड. रंग तसाच लाल, म्हणून दोन्ही एकच असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण रेड ऑक्साइड म्हणजे गेरू. कुंड्यांना लावतो तोच. आणि गेरू म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, म्हणजे गंजाचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ! मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. हा चुलत भाऊ गंजाशी भांडत नाही, नुसती आडभिंत घालतो. आता चोर आधीच घरात असेल तर भिंत घालून काय उपयोग?

मोटारींच्या रंगाचा इतिहास चाळला तर एक गोष्ट लक्षात येते. दिसणाऱ्या रंगाचे प्रश्न माणसाने झटपट सोडवले, न दिसणाऱ्या थराचे सोडवायला फार वेळ लावला. सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे लाकडी असत आणि रंगकाम बग्गीसारखं, ब्रशने, थरावर थर. एक गाडी वाळायला कित्येक आठवडे लागत. मग १९२३ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला, जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांना दिला आणि आठवड्यांचं काम काही दिवसांवर आलं. (आपले सुतार कपाटाला 'ड्यूको मारू का?' असं विचारतात, तो शब्द तिथून आला.)

रंग असा भराभर वाळू लागला तरी खालचा पत्रा गंजतच राहिला. उलट पुढे प्रकरण आणखी गंभीर झालं. पूर्वी गाडीला जाड लोखंडी चासी असे आणि बॉडी तिच्यावर नुसती ठेवलेली असे. बॉडी सडली तर गाडी कुरूप दिसे, पण चाले. मग चासी काढून बॉडीच चासी करायची पद्धत आली. फियाटने १९५३ मध्ये आणलेली नवी ११०० याच पद्धतीची. तिथे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा दुमडून, पेट्या करून, त्यावरच सगळा भार. गंज आता सौंदर्याचा प्रश्न राहिला नाही, हाडांचा झाला.

हीच ११०० आपल्याकडे आली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याला बनवली. १९६४ ची डिलाइट, पुढे प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे इटलीत आखलेली पत्र्याची पेटी मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात येऊन पडली! हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, ओल गंजाला पोसते. गंज मूळ लोखंडापेक्षा काही पट जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतो. फोड दिसेपर्यंत आतला कारभार बराचसा आटोपलेला असतो.

गंजाने कंपनीचं नाव कसं बुडतं हे पाहायचं तर लान्सियाचं उदाहरण घ्यावं. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्सिया बीटाची इंजिन पेलणारी चौकट गंजत असल्याची बोंब उठली आणि कंपनीला लोकांच्या गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. त्या बाजारातून नाव गेलं ते गेलंच.

यावरचा खरा उपाय तोवर सापडलेला होता. १९६० च्या दशकात फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांनी अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून वीज सोडायची पद्धत आणली. विजेमुळे प्रायमर पेट्यांच्या आत, जिथे कुठलाही ब्रश पोचत नाही तिथेही जाऊन चिकटतो. १९७० च्या दशकात विजेची दिशा उलटी केली, बॉडी ऋण टोकाला जोडली, आणि गंजरोध कितीतरी सुधारला. आजची गाडी पंधरा वर्षं फोडाशिवाय चालते त्याचं मोठं श्रेय या हौदाला आणि जस्ताच्या मुलाम्याला.

पण जुनी गाडी घेऊन आपण ज्या गॅरेजात जातो तिथे हौद नसतो. तिथे तारेचा ब्रश, ग्राइंडर, लांबीची पत्री आणि एक मिस्त्री असतो. कारखान्याने जे विजेवर केलं ते त्याला हाताने करायचं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तोवर त्या काळ्या-पिवळ्या गाड्या टिकल्या त्या अशाच मिस्त्र्यांच्या ठोकाठोकीवर, असं माझं मत आहे.

आता मामांचा प्रश्न. आपल्या पद्मिनीला एक गॅरेजवाला आठ दिवसांत लांबी भरून चकाचक करून देतो म्हणतोय, दुसरा दारांखालचा पत्रा कापून नवा जोडायचं म्हणतोय आणि दुप्पट पैसे सांगतोय. मामा म्हणतात, एवढ्या जुन्या गाडीला कशाला? मामा, दुसऱ्याचंच ऐका. त्या पट्टीवर गाडीचा कणा आहे आणि आपण तीत मुलांना बसवतो. लांबी ही खळगे भरायला असते, भोकं बुजवायला नाही. ती पाणी शोषते. सडक्या पत्र्यावर भरली तर ओला स्पंज दाबून बसवल्यासारखं होतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड त्याच जागी येतो.

कापल्यावर पत्रा पांढरा चकचकीत दिसेपर्यंत घासायचा, थिनरने पुसायचा, मग हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी प्रायमर द्यायचा. मुंबईच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. शक्य असेल तर पहिला हात इपॉक्सी प्रायमरचा द्यायला सांगा, लांबी त्याच्यावर. आणि रंगाचे पैसे जमेपर्यंत गाडी नुसत्या करड्या सरफेसरवर महिनाभर फिरवायचा बेत असेल तर तो सोडा. सरफेसर सच्छिद्र असतो, पाऊस त्यातून आरपार पत्र्याला भेटतो.

पेटीच्या आत मात्र स्प्रे पोचणार नाही. तिथे मेण किंवा निदान तेल सोडून घ्या. दारांच्या खाली पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती रंगवाल्याने लांबीने बुजवली नाहीत ना, हे गाडी ताब्यात घेण्याआधी खाली वाकून स्वतः बघा.