हेवी मेटलसाठी पिकअपची निवड

गिटारच्या तारांचे कंपन विद्युत्‌संकेतात बदलतो तो पिकअप; चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. एकेरी वेटोळे ५० हर्ट्‌झ विजेची गुणगुणही पकडते व ॲम्प्लिफायरचा गेन वाढवताच ती असह्य होते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्यांचा हंबकर घडवून तिचा बंदोबस्त केला. गंमत अशी, की ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमी यांचा १९७० मधला गडद नाद एकेरी पी-९० पिकअपचाच होता.

आयर्न मेडनचा नाद हवा असेल, तर १९७२ चा डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन पाहावा. डेव्ह मरे यांनी तोच वापरला. जुन्या हंबकरचा रोध साधारण ८ किलोओहम, याचा सुमारे १३. मात्र केवळ आकड्यावर भाळू नये. चुंबक अल्निको की सिरॅमिक, यानेही नाद बदलतो.

महाड-पोलादपूरहून खरेदीसाठी मुंबई-पुणे गाठण्यापूर्वी आहे तोच ब्रिज पिकअप स्क्रूने किंचित वर-खाली करून ऐकावा. त्याला पैसे पडत नाहीत. तिकडच्या पावसाळ्यात हे स्क्रू गंजतात, ते आधी पुसून घ्यावेत.