डोमेन नामावरील अधिकार : विश्वासाकडून नोंदीकडे

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे संकेतस्थळ आज माहितीपत्रक, सूचनाफलक आणि दप्तर या तिन्हींचे काम करते. नॅकला सादर होणाऱ्या अहवालांतील पुराव्यांचे दुवेही तेथेच नेतात. मात्र हे संकेतस्थळ ज्या डोमेन नामावर उभे असते ते कोणाच्या नावे नोंदले आहे आणि त्यात बदल करण्याची मुभा कोणाला आहे, हे प्रश्न सहसा नूतनीकरणाची मुदत टळल्यावरच विचारले जातात. वरकरणी तांत्रिक वाटणारा हा विषय मूलतः अधिकाराच्या इतिहासाचा आहे. एकाच नामावर अनेकांचा हात असताना अंतिम शब्द कोणाचा, या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विश्वासाचा कालखंड :
अर्पानेट या अमेरिकी जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व क्रमांक एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे माहिती केंद्र सांभाळीत असे. एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवे नाव केंद्राला कळवावे, केंद्राने ते नोंदवावे आणि इतरांनी यादी उतरवून घ्यावी, अशी रीत होती. संगणकांची संख्या वाढताच ही रीत अपुरी पडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नाम प्रणालीचा आराखडा प्रसिद्ध केला. अधिकार सोपविणे हे या आराखड्याचे मर्म होते. वरच्या पातळीने नाम द्यावे आणि त्याखालील नोंदींचा कारभार ते घेणाऱ्या संस्थेने पाहावा, अशी त्याची रचना होती.

मार्च १९९४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी या व्यवस्थेचे संकेत लिखित स्वरूपात मांडले. प्रत्येक डोमेनसाठी एक प्रशासकीय आणि एक तांत्रिक संपर्क असलाच पाहिजे, असे त्यात नमूद होते. आपल्याकडील सातबाऱ्यात नमुना सातवर अधिकाराची आणि नमुना बारावर पिकांची नोंद वेगळी ठेवली जाते. त्याचप्रमाणे येथे निर्णय घेणारा आणि यंत्रणा चालविणारा यांच्यात कागदावर भेद करण्यात आला. पोस्टेल यांचा भर मात्र मालकीवर नसून जबाबदारीवर व समाजाच्या सेवेवर होता.

मालकीचा प्रश्न :
सप्टेंबर १९९५ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने नोंदणीसाठी दोन वर्षांना १०० डॉलर शुल्क आकारण्यास प्रारंभ केला आणि नामाला मुदत व किंमत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'सेक्स.कॉम' या नामाचे प्रसिद्ध प्रकरण घडले. हे नाम गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये नोंदविले होते. स्टीफन कोहेन याने एक बनावट पत्र सादर केले. क्रेमेन यांना त्यांच्या संस्थेने कामावरून दूर केले असून संस्थेने नामावरील हक्क सोडला आहे, अशी बतावणी त्यात होती. नोंदणी कंपनीने क्रेमेन यांच्याकडे चौकशी न करता नाम हस्तांतरित केले. पुढे जुलै २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने डोमेन नाम ही मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. येथे पासवर्ड फुटला नव्हता. संस्थेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हे तपासले गेले नव्हते.

अधिकाराची विभागणी :
हाच प्रश्न व्यवस्थेच्या शिखरावरही उपस्थित झाला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना आपल्या सर्व्हरवरून माहिती घेण्यास सांगितले आणि चालकांनी ते मानले. अमेरिकी शासनाच्या दबावामुळे काही दिवसांतच हा बदल मागे घेण्यात आला. तथापि एका व्यक्तीच्या शब्दावर जगाचे जाळे किती अवलंबून आहे, हे त्यातून उघड झाले. सप्टेंबर १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबर रोजी पोस्टेल यांचे निधन झाले. २०१० मध्ये मूळ क्षेत्राच्या नोंदींवर अंकीय स्वाक्षरी करण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी दोन केंद्रांवर प्रत्येकी सात विश्वस्त नेमण्यात आले आणि त्यांपैकी किमान तिघे उपस्थित असल्याखेरीज किल्ली वापरता येऊ नये, अशी योजना करण्यात आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी या कार्यावरील अमेरिकी शासनाची कराराधारित देखरेखही संपुष्टात आली.

भारतीय संदर्भ :
भारताचे 'डॉट इन' हे नाम १९८९ मध्ये प्रदान झाले. त्याची नोंदणी दीर्घकाळ मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. जानेवारी २००५ पासून निक्सी या संस्थेच्या व्यवस्थेखाली ती सर्वांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' उपलब्ध झाले. शैक्षणिक संस्थांच्या 'एसी डॉट इन' नामांची नोंदणी अर्नेट इंडियाकडे आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संकट ओढवले ते प्रामुख्याने यंत्राच्या दोषामुळे नव्हे, तर संस्था आणि व्यक्ती यांतील सीमारेषा अस्पष्ट राहिल्यामुळे. पासवर्ड खरा की खोटा हे यंत्र ओळखते. तो बाळगणारी व्यक्ती अद्याप संस्थेची प्रतिनिधी आहे किंवा नाही, हे यंत्राला कळत नाही. म्हणून डोमेन नाम महाविद्यालयाच्या नावे व पदाच्या ईमेलवर नोंदलेले असावे. ते प्राध्यापकाच्या वा संकेतस्थळ बनविणाऱ्या व्यावसायिकाच्या वैयक्तिक खात्यावर असू नये. हस्तांतरण व नूतनीकरणाचे अधिकार प्राचार्य आणि कार्यालय यांच्याकडे, तर मजकुरात व तांत्रिक नोंदींत बदल करण्याची मुभा संबंधितांकडे स्वतंत्र खात्यांद्वारे असावी. मुख्य खात्यापर्यंत किमान दोन व्यक्ती पोहोचू शकाव्यात. बदली किंवा सेवानिवृत्तीच्या वेळी पदभाराच्या यादीत डोमेनचाही उल्लेख व्हावा. आपण खुर्च्या आणि कपाटे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढवितो. ज्या नामावर संस्थेचे दप्तर उभे आहे, त्याचीही एक ओळ तेथे असणे अगत्याचे आहे.