धूळपाटी ते पालकसभा: आपण लिहायला कसे शिकलो?

आजचा भाग मला एका पालकसभेत सुचला. माझी भाची यंदा पहिलीत गेली. दाजींना सुट्टी मिळाली नाही, म्हणून ताईबरोबर मी गेलो. वर्गातल्या बुटक्या बाकांवर आम्ही सगळे मोठे लोक गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. बाई सांगत होत्या की सुरुवातीला मुलं चित्रं बघून गोष्ट सांगतील, रेघोट्या मारतील, वाळूत बोट फिरवतील, आणि अक्षरं त्यानंतर येतील. मागून एक बाबा म्हणाले, "बाई, दोन महिने झाले, वही कोरीच आहे. क ते ज्ञ कधी शिकवणार?" ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्याही मनात तेच होतं.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी ताटांमध्ये रांगोळी पसरली आणि म्हणाल्या, "डाव्या हाताने आपलं नाव लिहा." हशा पिकला, पण दोन मिनिटांत सगळे गप्प. माझा 'र' उलटा आला. बोटाला वळण नसेल तर माहीत असलेलं अक्षरही उमटत नाही, हे तेव्हा कळलं. आणि ते ताट बघून मला आठवली धूळपाटी.

दोनशे वर्षांपूर्वी गावातली शाळा म्हणजे कुणाचा तरी ओटा, नाहीतर देवळाची ओवरी. शिकवणारे पंतोजी. त्यांना पगार असा नव्हता. पालक देतील ते धान्य आणि थोडे पैसे. फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि काडीने अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवून सपाट, पुन्हा सुरू. कागद महाग होता, धूळ फुकट. पंतोजी अक्षर काढून द्यायचे, पोरगं त्याच खुणेवरून पुन्हा पुन्हा काडी फिरवायचं आणि मोठ्याने उच्चारायचं. हेच गिरवणं. सुरुवातीचं वाक्य असायचं 'ॐ नमः सिद्धम्'. मुलांच्या तोंडी त्याचं झालं 'ओनामासीधं' आणि त्यातून 'ओनामा' हा शब्द आला. आज आपण नव्या ॲपचाही ओनामा करतो, तो असा.

या शाळेचं ध्येय अगदी व्यवहारी होतं. पोराला मोडी वाचता-लिहिता यावी, पत्र लिहिता यावं, हिशेब जमावा. म्हणून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत पाठांतर. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, बरं का! पालकांना हेच हवं होतं आणि पंतोजी हेच द्यायचे, छडीसकट.

पण यातले 'पालक' कोण होते? मुलींचे आईबाप या हिशेबात जवळजवळ नव्हतेच, आणि ज्यांना अस्पृश्य मानलं जायचं त्यांना तर ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती या भिंतीवरच घाव होती. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय चौदा. अक्षरं शिकून अवघ्या काही वर्षांत मुलगी आपल्या समाजाचं दुःख स्वतःच्या शब्दांत मांडते, याला म्हणतात लिहिता येणं.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं हेही सांगितलं आहे. मोडी आणि बाळबोध दोन्ही लिपी, हिशेब, थोडं व्याकरण, इतिहास, भूगोल आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. शेती का? कारण जो शेतकरी पोराला रानातून काढून शाळेत पाठवणार, त्याला त्या शाळेत आपलं काहीतरी दिसायला हवं.

तरी पालक पाठवत नसतील तर? १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. आजच्या पालकसभेला दांडी मारणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

आणि मग येतात ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केलं. त्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं असतात, मूल त्यावरून बोट फिरवतं. म्हणजे बघा, पंतोजींच्या धुळीत आणि इटलीच्या बाईंच्या खरखरीत कागदात एक गोष्ट सारखी आहे: अक्षर आधी हाताला कळतं. फरक आहे तो छडीचा. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधनं गावात कुठून आणायची? मग शिंपले, खडे, बिया, पानं. आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरू लागली. अंगणात शाळा भरली की पालकांना वेगळं काही समजावावं लागत नाही. आई भाकरी थापता थापता बघते की आपलं पोर काय करतंय.

आता त्या बाबांच्या 'क ते ज्ञ'कडे येऊ. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार लावलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. फार सुंदर क्रम. माझ्या कामातही युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरं साधारण याच ओळीने येतात. पण यंत्राला सोयीचा क्रम सहा वर्षांच्या मुलाला सोयीचा असेलच असं नाही. क, ख, ग, घ, ङ शिकून किती शब्द वाचता येतात? फारसे नाहीतच. आणि ङ तर मराठीत सुटा भेटतच नाही. आता ग, म, भ, न घ्या. चौघांनाही उजवीकडे उभी रेघ, हात एकाच वळणाने चालतो. आणि चार अक्षरांत मन, नभ, गगन, नमन, मग, मगन! पहिल्याच आठवड्यात मूल वाचतं, ओळखीचं काहीतरी वाचतं. गमभनचं गुपित हे.

माझी आजी पाऊणकी धडाधड म्हणायची. भाऊ पाठ करायचे ते ऐकून ऐकून तिला येत होती. पण तिला शाळेत घातलंच नाही. बँकेच्या कागदावर ती शेवटपर्यंत अंगठा उठवायची आणि मग पदराला शाई पुसत बसायची. पाठांतर म्हणजे शिक्षण असं कुणी म्हटलं की मला तो पदर दिसतो.

पालकसभा संपल्यावर ताईने भाचीची वही उघडली. रेघोट्या, एक वाकडं घर, खाली चार गोल. ताईने विचारलं, "हे काय लिहिलंस?" भाचीने बोट फिरवत पूर्ण गोष्ट वाचून दाखवली. त्यात मीही होतो, आणि उशिरा आलो म्हणून मला खाऊ मिळाला नव्हता. ताई हसली. वही तिने परत दप्तरात ठेवली, आणि त्या दिवशी तरी 'क' काढ म्हणाली नाही.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा: पहिलं अक्षर कशावर काढलं होतं? पाटीवर, धुळीत, की काढायला मिळालंच नाही? उत्तर आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात मोडी लिपी शाळेतून कशी गेली ते बघू. तोवर, नमस्कार!