रुंदावणारा भांग

बायकांच्या केसांवर आम्ही कवींनी थोडे का लिहिले आहे! उर्दूत जुल्फ, मराठीत कुंतल. पण विरळ होत चाललेल्या भांगावरची एखादी ओळ काही मला आठवत नाही. अंधेरीच्या आमच्या चाळीत अम्मीची ओढणी आणि शेजारच्या काकूंचा पदर, दोन्हींआड हे दुःख सारखेच झाकलेले मी पाहिले आहे.

या झाकण्याला इतिहास आहे. महाराष्ट्रात, विशेषतः ब्राह्मण घरांत, विधवेचे केशवपन करण्याची रूढी होती. नवरा गेला की बाईचे केसही जात. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांवर वस्तरा चालवायला नकार दिला. पुढे रूढी संपली; पण बाईचे उघडे पडलेले डोके म्हणजे काहीतरी अशुभ, ही भीती मात्र मला वाटते घराघरांत मागे राहिली.

वैद्यकशास्त्राचे लक्षही आधी पुरुषांच्या टकलाकडेच होते. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन यांनी त्याचा पुरुषी संप्रेरकांशी संबंध दाखवला. स्त्रियांच्या केसगळतीची आजही वापरात असलेली तीन पायऱ्यांची प्रतवारी लुडविग यांनी मांडली ती १९७७ साली. यात कपाळावरची केसांची रेषा बहुधा टिकते, टाळूवरचा भांग रुंदावत जातो. केसांची मुळे हळूहळू आक्रसतात आणि दर वेळी उगवणारा केस आधीपेक्षा बारीक, आखूड असतो. पुष्कळ स्त्रियांत संप्रेरकांचे प्रमाण तपासणीत अगदी ठीक निघते. यात आनुवंशिकतेचा भाग असतो, वयाचाही. तेल कमी लावले म्हणून हे होत नाही.

औषध सापडले तेही आडवाटेने. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आले. अमेरिकेत डोक्याला लावायचे औषध म्हणून १९८८ साली पुरुषांना त्याची परवानगी मिळाली, स्त्रियांना १९९१ साली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, त्याने घाबरू नये. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध सोडले की मिळवलेले पुन्हा जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते वापरू नये.

त्याआधी डॉक्टरांना दाखवावे. शरीरातले लोह, थायरॉइड आणि पाळीच्या तक्रारी तपासून घ्याव्यात, कारण त्यांनीही केस गळतात. त्यासाठी चकचकीत क्लिनिकच गाठायला हवे असे नाही. कूपरसारख्या महापालिकेच्या रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.

मैत्रिणींनो, हे औषध आक्रसत चाललेल्या मुळांना सावरते; पार गेलेली मुळे ते परत आणत नाही. म्हणून पदराआड घालवलेले एकेक वर्ष महाग पडते. लेकीचा भांग रुंद दिसू लागला, तर तिला टोमणा मारू नका. तिचा हात धरा आणि ओपीडीच्या रांगेत तिच्याबरोबर उभ्या राहा.