जुन्या जीपला नवे इंजिन

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, एवढे सांगून आम्ही मास्तर लोक पुढच्या धड्याकडे वळतो. पेडणे-डिचोलीच्या गाड्यांची खरी कहाणी मात्र त्या तारखेनंतरची आहे. पोर्तुगीज अमदानीत आयातीला फारशी आडकाठी नव्हती. भारताने 1955 मध्ये नाकेबंदी केली तरी समुद्र मोकळाच होता. त्या वाटेने जर्मन मर्सिडीज आल्या, अमेरिकन विलिस जीप आल्या, डिचोलीच्या खाणींसाठी ट्रक आले. मुक्तीनंतर भारताचे आयात-निर्बंध लागू झाले आणि सुटे भाग दुर्मीळ झाले. सांगाडा धडधाकट, इंजिन थकलेले! पुढे 1973 च्या तेलसंकटाने पेट्रोलही महाग केले.

तोवर देशात डिझेल इंजिने बनू लागली होती. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने 1950 च्या दशकातच पर्किन्स पी-6 हे सहा सिलिंडरचे इंजिन काढायला घेतले होते. 1980 च्या दशकात पुण्याच्या बजाज टेम्पोने मॅटाडोरला मर्सिडीज घराण्यातले 2.4 लिटरचे डिझेल इंजिन दिले. जुन्या मर्सिडीजला हे इंजिन बसवले तर ती सोयरीक परकी म्हणता येणार नाही.

माझा एक माजी विद्यार्थी पेडण्याला गॅरेज चालवतो. आजोबांच्या विलिसमध्ये आजचे कॉमन-रेल डिझेल बसवायचे त्याच्या मनात आहे. त्याने वहीत मापे मांडून मला दाखवली, तेव्हा एखाद्या किल्ल्याचा नकाशा वाचावा तसा मी ती वाचत बसलो. मूळ इंजिन 2.2 लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. डिझेल त्याहून जड, म्हणून पुढच्या पाट्यांना आणखी एक पान हवे. जीप चारही चाकांनी ओढणारी. त्यामुळे नव्या इंजिनाचा ऑइल संप पुढच्या डिफरन्शियलवर टेकतो. इंजिन उचलावे तर बॉनेट बसत नाही. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर कातलेली प्लेट घालावी लागते, आणि ती केसभर तिरकी झाली तरी क्लच टिकत नाही. डिझेल कमी फेऱ्यांत जोर देते, म्हणून क्राऊन-पिनियन बदलले नाही तर गाडी नुसतीच ओरडते, धावत नाही. युद्धकाळातल्या जीपची वीज सहा व्होल्टची. नव्या इंजिनाला बारा लागतात, शिवाय संगणक आणि सेन्सरांचे जाळे. एवढा जोर जुना गिअरबॉक्स सोसणार नाही, म्हणून तोही बदलायचा. आणि वेग वाढला की जुने ड्रम ब्रेक पुरे पडत नाहीत. मग आजोबांची जीप म्हणून उरते काय? चेसिस आणि पत्रा!

कायद्याचा प्रश्न निराळा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. वेगळ्या इंधनासाठी इंजिनात फेरबदल करण्याची मुभा आहे, पण अटींवर. तेव्हा आधी आरटीओ, मग पाना, असा क्रम मी त्याला सुचवला. त्याला तो फारसा रुचला नाही.

मला काळजी आहे ती काढलेल्या इंजिनाची. असली इंजिने भंगारात किलोच्या भावाने जातात. त्याच्या घरी जीपचे पोर्तुगीज काळातले पुस्तक अजून आहे. त्यातला इंजिन नंबर आम्ही दोघांनी टॉर्च लावून ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहिला. तो जुळला. आता ते इंजिन विकायचे नाही, माडीखाली फळीवर ठेवायचे, एवढे तरी त्याने कबूल केले आहे.